रूटने लॉगिन केलं तर सगळं ठीक, साधे युजर आले की डेटाबेस सर्व्हर पडतो. मदत हवी

साताऱ्याचा_कंदी (मंगळवार, दुपारी १:१०)

नमस्कार मंडळी. गेले आठ दिवस झोप उडाली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी एका पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळतो. संस्थेचं नाव देत नाही. ९ शाखा, साधारण ७० कर्मचारी आणि ६०च्या आसपास पिग्मी एजंट. उबंटू २२.०४, डेटाबेस मायएसक्यूएल ८.०, १६ जीबी रॅम. वेबसर्व्हर अपाचे आणि पीएचपी त्याच मशीनवर. प्रत्येक कर्मचाऱ्याचं डेटाबेसमध्ये स्वतंत्र खातं आहे, कारण कोणी काय नोंद केली हे तपासनिसांना दिसायला हवं.

रोज सकाळी साडेदहाला शाखा उघडतात. पहिले पंधरा-वीस जण व्यवस्थित आत जातात. नंतरच्यांच्या पडद्यावर चक्र फिरत राहतं आणि चार-पाच मिनिटांत डेटाबेस पडतो. सगळीकडे 'सर्व्हर हॅज गॉन अवे'. तो आपोआप पुन्हा उठतो, लोक पुन्हा लॉगिन करतात, पुन्हा पडतो. काल अशा चार फेऱ्या झाल्या. अकरा-सव्वाअकराला गर्दी पांगली की मग दिवसभर गपगुमान चालतो.

कोड्यात टाकणारी गोष्ट ही, की मी रूटने (सगळे हक्क असलेल्या मुख्य खात्याने) कधीही लॉगिन केलं तरी झटक्यात आत जातो. सर्व्हर नुकताच उठलेला असो किंवा सगळे अडकलेले असोत. क्वेऱ्या चालतात, टेबलं दिसतात, सगळं धडधाकट. सॉफ्टवेअर देणाऱ्यांना फोन केला तर ते म्हणतात, "आमच्याकडून लॉगिन होतंय, तुमच्या नेटवर्कचा प्रश्न आहे." तेही रूटनेच बघतात.

कुठून सुरुवात करू?

पावशेर

रॅम वाढवा. ३२ करा, विषय संपला.

झणझणीत

मॅक्स कनेक्शन्स (एका वेळी किती जोडण्या चालतील) किती ठेवलंय? मूळ सेटिंग १५१ असतं. ते भरलं की 'टू मेनी कनेक्शन्स' येतं, आणि रूटसारख्या खात्यासाठी एक जादा जागा राखीव असते. म्हणून तुम्ही आत जात असाल.

साताऱ्याचा_कंदी

@झणझणीत, ते आधीच्या माणसाने १००० करून ठेवलंय. तो संदेश एकदाही आलेला नाही. शिवाय जागा भरल्या तर नवीन माणूस बाहेर राहील, सर्व्हर का पडावा?

टर्मिनल_तात्या

कंदीसाहेब, उपचार नंतर. आधी तो मरतो कसा ते बघा. मायएसक्यूएल दोन तऱ्हांनी मरतो आणि दोन्हींच्या खुणा वेगळ्या.

स्वतःच्या आतल्या दोषाने कोसळला तर एरर लॉगमध्ये 'गॉट सिग्नल ११' अशी ओळ आणि तिच्याखाली लांबलचक स्टॅक ट्रेस पडतो. म्हणजे मरताना तो बोलतो. पण बाहेरून मारला असेल तर लॉगमध्ये अवाक्षर नसतं. चालू कामाच्या ओळी, आणि एकदम पुढची ओळ पुन्हा सुरू झाल्याची. सिग्नल ९ (थेट मारण्याचा हुकूम) कुठल्याच प्रोसेसला अडवता येत नाही, त्यामुळे शेवटचा शब्द लिहायला वेळच मिळत नाही.

दुसरी तऱ्हा असेल तर कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीचं स्टेटसही बघा, कोणत्या सिग्नलने गेला ते तिथे लिहिलेलं असतं.

साताऱ्याचा_कंदी

तात्या, दुसरी तऱ्हा. एरर लॉग मुका आहे. सिस्टिमडी म्हणतंय 'किल्ड, स्टेटस ९'. कर्नलच्या लॉगमध्ये कालच्या चारही वेळांना 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस', आणि पुढे मायएसक्यूएलडीचं नाव.

त्याच नोंदीत त्या क्षणी चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसची यादी येते. त्यात अपाचेच्या ओळी मोजल्या. २३८ निघाल्या. एरवी ३०-४० असतात.

पावशेर

मी काय म्हणत होतो? रॅम.

निळीशाई

@पावशेर, रॅम कमी पडली हे खरं, पण ती का कमी पडली हा प्रश्न तसाच आहे. गेल्या वर्षी याच मशीनवर हेच ७० लोक काम करत होते ना? माणसं वाढली नाहीत, अपाचेच्या प्रोसेस सहापट झाल्या. अपाचेची एक प्रोसेस उत्तराची वाट बघत उभी राहिली की तिच्याबरोबर तिची ४०-४५ एमबीही अडकून राहते. २३८ म्हणजे दहा जीबी झाले. कंदी, बफर पूल (मायएसक्यूएलने डेटासाठी धरलेली रॅम) किती आहे?

कर्नलला मेमरी मोकळी करायची असते तेव्हा तो सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्याला आधी उचलतो. तुमच्या मशीनवर तो मायएसक्यूएलच असणार. गर्दी केली अपाचेने आणि बळी गेला डेटाबेस.

म्हणून 'रूट आत जातो, साधा युजर नाही' यावरून नजर हटवू नका. दोघांच्या वाटेत काय फरक आहे? पहिला फरक म्हणजे तुम्ही त्याच मशीनवरून सॉकेटने (मशीनच्या आतल्या वाटेने) जाता. मायएसक्यूएलला 'लोकलहोस्ट' लिहिलं की तो सॉकेट घेतो, टीसीपी (नेटवर्कची वाट) नाही. ॲप बहुधा टीसीपीने येत असेल, आणि त्या वाटेवर काही अडकलं तर लॉगिन रेंगाळतं. दुसरा फरक खात्याचा. दोन्ही एकदम बदलले तर काहीच कळणार नाही, म्हणून अदलाबदल करून बघा. रूटने १२७.०.०.१ वरून टीसीपीने, आणि साध्या युजरने सॉकेटने. रात्री, कोणी नसताना.

साताऱ्याचा_कंदी (मंगळवार, रात्री ११:४०)

बफर पूल १० जीबी आहे.

निळीशाई, सांगितलंत तसं केलं. एका रोखपालाच्या खात्यासारखंच खातं बनवलं, तेच हक्क दिले. घड्याळ लावून पाच-पाच वेळा.

रूट, सॉकेट: लगेच.
रूट, टीसीपी: लगेच.
साधा युजर, टीसीपी: अडीच सेकंद.
साधा युजर, सॉकेट: अडीच सेकंद.

मशीनवर या वेळेला चिटपाखरू नाही. तरी अडीच सेकंद. म्हणजे नेटवर्क नाही, वाट नाही, खात्यातच काहीतरी आहे. आठ दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलं. मनापासून आभार.

रात्रपाळी

आठ दिवसांत साध्या खात्याने एकदाही लॉगिन करून बघितलं नव्हतं? हे टोचून म्हणत नाही. आम्ही एका दवाखान्याच्या सर्व्हरवर तीन आठवडे असेच घालवले होते. आपल्या हातात रूटची किल्ली असते म्हणून आपण त्याच दाराने आत-बाहेर करतो, आणि लोक ज्या दाराशी ताटकळतात ते दार आपण बघतच नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक सर्व्हरवर हक्क नसलेलं एक चाचणीचं खातं असतं. दर पाच मिनिटांनी ते लॉगिन करतं आणि लागलेला वेळ लिहून ठेवतं.

अबोली_क

मला तांत्रिक फार कळत नाही, पण मी एका पतसंस्थेत काउंटरला बसते, म्हणून राहवलं नाही. आमच्याकडेही मध्यंतरी असंच झालं होतं. काउंटरच्या काचेपलीकडे पासबुक हातात धरून माणसं उभी, त्यातली निम्मी सत्तरीच्या पुढची. एक आजी रोज यायच्या आणि विचारायच्या, "बाई, माझे पैसे गेले तर नाहीत ना गं मशीनमध्ये?" आम्ही हातपावत्या फाडून द्यायचो आणि संध्याकाळी सात-सातपर्यंत त्या चढवत बसायचो.

माझा प्रश्न तोच, आजींचा. सर्व्हर असा मध्येच मारला गेला तर नोंदी जातात का?

टर्मिनल_तात्या

ताई, फार मोलाचा प्रश्न. टेबलं इनोडीबी प्रकारची असतील तर ज्या व्यवहाराला सर्व्हरने 'झालं' म्हणून उत्तर दिलं तो टिकतो. आधी तो रीडू लॉगमध्ये डिस्कवर लिहिला जातो, मगच उत्तर जातं. उठल्यावर सर्व्हर तो लॉग वाचून राहिलेलं पुरं करतो आणि अर्धवट व्यवहार मागे घेतो. मात्र ट्रान्झॅक्शन कमिटला लॉग फ्लश करण्याचं सेटिंग १ वर असलं पाहिजे. मूळ तसंच असतं, पण वेग वाढवायला कोणी २ किंवा ० केलं असेल तर भरवसा कमी होतो. आणि जुनं सॉफ्टवेअर असेल तर काही टेबलं मायआयसॅम प्रकारची असू शकतात. त्यांना हे संरक्षण नाही.

कंदीसाहेब, हे दोन्ही आजच तपासा. बाकी कोडं नंतर सोडवू.

साताऱ्याचा_कंदी

तपासलं. फ्लश १ वर आहे. ११४ पैकी ३ टेबलं मायआयसॅम निघाली. दोन शाखांच्या पत्त्यांची वगैरे आहेत, पण तिसरं पिग्मीच्या कच्च्या पावत्यांचं आहे. अंगावर काटा आला. एजंटांच्या मोबाइलमधल्या पावत्यांशी आठवड्याचे आकडे ताडून पाहिले. रुपयान् रुपया जुळतोय. बॅकअप घेऊन ते टेबल रात्रीच इनोडीबी केलं.

अबोलीताई, तुम्ही विचारलं नसतं तर हे माझ्याकडून राहिलं असतं.

मुक्काम_एडिसन

न्यू जर्सीतून लिहितोय, वीस वर्षं ओरॅकल डेटाबेसवर आहे. 'ॲडमिनला काही होत नाही, बाकीचे अडकतात' हे वाचून मला एकच गोष्ट आठवते, लॉगऑन ट्रिगर, म्हणजे कोणी आत आलं की आपोआप चालणारं विधान. ओरॅकलमध्ये 'आफ्टर लॉगऑन ऑन डेटाबेस' असा ट्रिगर लिहिता येतो. तो फसला तर साध्या युजरला प्रवेश मिळत नाही, पण 'ॲडमिनिस्टर डेटाबेस ट्रिगर' हा हक्क असलेला माणूस आत येऊ शकतो. दुरुस्ती करायला कोणीतरी आत यायला हवं म्हणून तशी सोय आहे. आमच्याकडे एकदा लॉगिनची नोंद ठेवणाऱ्या टेबलाची जागा संपली आणि सगळी कंपनी बाहेर. आम्ही डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) मात्र आत बसून 'इथे तर सगळं चालू आहे' म्हणत होतो.

मायएसक्यूएलमध्ये लॉगऑन ट्रिगर नाही, पण इनिट_कनेक्ट नावाचं सेटिंग आहे. जोडणी झाली की सर्व्हर त्यातली विधानं चालवतो. आणि ज्याच्याकडे सुपर किंवा कनेक्शन ॲडमिन हा हक्क आहे त्याच्यासाठी ती चालवतच नाही. रूट म्हणजे तोच.

साताऱ्याचा_कंदी

एडिसनसाहेब, वाचून ताडकन उठलो. पण माय.सीएनएफ या सेटिंगच्या फायलीत तशी ओळच नाही. त्या फोल्डरातल्या सगळ्या फायली चाळल्या. नाही.

टर्मिनल_तात्या

फायलीला विचारू नका, सर्व्हरला विचारा. ८.० मध्ये 'सेट पर्सिस्ट' या आज्ञेने दिलेलं सेटिंग माय.सीएनएफमध्ये जातच नाही. ते डेटाच्या फोल्डरात मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफ या फायलीत बसतं, आणि ती सगळ्यात शेवटी वाचली जाते. परफॉर्मन्स स्कीमात व्हेरिएबल्स_इन्फो टेबल आहे, त्यात इनिट_कनेक्टची ओळ काढा. कुठून आलं, कोणी आणि कधी लावलं, सगळं दिसेल. आणि एरर लॉगमध्ये 'इनिट_कनेक्ट कमांड फेल्ड' शोधा. फक्त शेवटच्या ओळी बघू नका, मागेही जा.

साताऱ्याचा_कंदी (बुधवार, रात्री १०:०५)

सापडलं!

इनिट_कनेक्टमध्ये एका प्रोसीजरला (डेटाबेसमध्ये साठवलेल्या विधानांच्या संचाला) बोलावलंय. दोन वर्षांपूर्वी सॉफ्टवेअरवाल्यांच्या खात्याने सेट पर्सिस्टने लावलेलं. प्रोसीजरमध्ये दोनच विधानं आहेत. पहिलं, लॉगिनच्या नोंदवहीत एक ओळ घाल: कोण, कुठून, कधी. दुसरं, त्याच नोंदवहीतल्या एक वर्षापेक्षा जुन्या ओळी काढून टाक.

नोंदवहीत आज साडेचौदा लाख ओळी आहेत. तारखेच्या रकान्यावर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नाही. म्हणजे प्रत्येक माणूस आत येताना साडेचौदा लाख ओळी चाळून येतोय.

आणि एरर लॉगमध्ये 'इनिट_कनेक्ट कमांड फेल्ड' च्या शेकडो ओळी. मी कोसळण्याच्या आसपासच्या दहा-दहा ओळीच बघत होतो.

निळीशाई

आता सगळं जुळतं. तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच उत्तर होतं बघा: 'पहिले पंधरा-वीस जण व्यवस्थित आत जातात.'

इंडेक्स नसताना डिलीट चालवलं की इनोडीबी चाळलेल्या प्रत्येक ओळीवर कुलूप घालतो, फक्त काढायच्या ओळींवर नाही. त्यामुळे एकाचं डिलीट संपेपर्यंत दुसऱ्याचं सुरूच होत नाही. सत्तर माणसं एकदम आली तरी एकेरी रांग. एकाला अडीच सेकंद. कुलपासाठी थांबण्याची मूळ मर्यादा ५० सेकंद. पन्नास भागिले अडीच, वीस. विसाव्यानंतर सगळ्यांची मुदत संपते, प्रोसीजर फसते आणि जोडणी तुटते.

पुढचं तुमच्या ॲपवर. जोडणी तुटली की ते पुन्हा प्रयत्न करत असणार, वर माणूस कंटाळून रिफ्रेश दाबतो. प्रत्येक दाबाला अपाचेची नवी प्रोसेस. २३८ कशा झाल्या ते कळलं. मग कर्नल डेटाबेसला उचलतो, तो उठतो तेव्हा बफर पूल रिकामा, साडेचौदा लाख ओळी डिस्कवरून वाचायच्या, म्हणून दुसरी फेरी आणखी हळू.

एक राहिलं. सत्तर कर्मचाऱ्यांच्या लॉगिनने साडेचौदा लाख ओळी होत नाहीत. वर्षभरात फार तर लाखभर. बाकीच्या कुठून आल्या?

साताऱ्याचा_कंदी

तेही बघितलं. आठ महिन्यांपूर्वी एजंटांना मोबाइलवरचं पिग्मी ॲप दिलं. ते दर पावतीला डेटाबेसशी नवी जोडणी करतं. साठ एजंट, प्रत्येकी शंभर-सव्वाशे पावत्या. त्या दिवसभर विखुरलेल्या असतात म्हणून कधी जाणवलं नाही, पण नोंदवही मात्र फुगत गेली.

झणझणीत

ज्याने हे लिहिलं त्याला पकडा आधी.

रात्रपाळी

@झणझणीत, नको. लिहिलं तेव्हा नोंदवहीत दोन हजार ओळी असतील, डिलीटला निमिषही लागलं नसेल. त्याने स्वच्छतेची काळजी घेतली होती, आपल्यापैकी किती जण घेतात? चूक आहे ती हे कुठेही लिहून न ठेवण्याची.

झणझणीत

पटलं. शब्द मागे.

बाकी, सिस्टिमडीत ओओएम (आउट ऑफ मेमरी) स्कोर ॲडजस्ट उणे १००० केला तर कर्नल मायएसक्यूएलला हातच लावणार नाही. तेवढं तरी करून ठेवावं.

टर्मिनल_तात्या

त्याला माझा विरोध आहे. मायएसक्यूएल वाचेल, पण मेमरी कुठूनतरी हवीच असते. मग दुसरं काहीतरी जाईल, आणि तुम्हाला मशीनवर शिरताच येणार नाही. त्यापेक्षा अपाचेच्या मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्सचा (एका वेळच्या प्रोसेसचा) आकडा मेमरीचा हिशोब करून बांधा. १६ मधून बफर पूलचे १० गेले, सिस्टिमला दीड-दोन, उरले चार. ४५ एमबीने भागा. ऐंशी-नव्वदच्या वर जाऊ देऊ नका. रांग अपाचेच्या दारात लागू दे, डेटाबेसच्या छातीवर नको.

मुक्काम_एडिसन

कोणी हा धागा दुसऱ्या डेटाबेससाठी वाचत असेल तर एक इशारा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगऑन ट्रिगर सिसॲडमिनलाही (तिथल्या रूटला) लागू होतो. तो फसला तर तुम्हीही बाहेर, मग डेडिकेटेड ॲडमिन कनेक्शनने शिरावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये १७ व्या आवृत्तीपासून (२०२४) लॉगिनचा इव्हेंट ट्रिगर आलाय. तोही सुपरयुजरला सोडत नाही. अडकलात तर इव्हेंट_ट्रिगर्स सेटिंग ऑफ करून आत जायचं.

पावशेर

रॅम म्हणत होतो ते मागे घेतो, ३२ जीबी टाकले असते तर सहा महिन्यांनी हेच झालं असतं. पण अपाचे आणि डेटाबेस एकाच मशीनवर नकोत, यावर ठाम आहे. संस्थेकडून दुसऱ्या मशीनचा खर्च मंजूर करून घ्या. कर्नलच्या त्या नोंदी छापून संचालकांसमोर ठेवा.

साताऱ्याचा_कंदी (सोमवार, दुपारी १२:२०)

मंडळी, आज सोमवार, त्यात १ तारीख. पेन्शन, पगार, सगळं आज.

शनिवारी शाखा बंद झाल्यावर केलं ते असं. आधी इनिट_कनेक्ट रिकामं केलं आणि रीसेट पर्सिस्टने ऑटो फाइलमधूनही काढलं. नोंदवहीच्या तारखेवर इंडेक्स घातला. प्रोसीजरमधून डिलीट उडवलं, आत फक्त नोंद ठेवली. जुन्या ओळी काढायचं काम रात्री दोनच्या इव्हेंटला (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाला) दिलं, तेही पाच-पाच हजारांच्या तुकड्यांनी. मग इनिट_कनेक्ट पुन्हा लावलं, या वेळी माय.सीएनएफमध्ये, वर चार ओळींची टीप लिहून. अपाचे ८५ वर बांधला. रात्रपाळी म्हणाले तसं चाचणीचं खातं बनवलं, नोंदीच्या प्रोसीजरपुरता हक्क देऊन, आणि ते दर पाच मिनिटांनी लॉगिन करतंय.

आज साडेदहाला मी मुख्य शाखेत काउंटरच्या मागे उभा होतो. दहा एकतीस, दहा बत्तीस. रोखपाल बाईंनी पासवर्ड टाकला आणि सवयीने पाण्याची बाटली उघडायला घेतली. झाकण फिरवायच्या आत पडदा उघडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी घड्याळाकडे. अकरा वाजेपर्यंत ६८ जण आत, अपाचेच्या प्रोसेस सर्वांत जास्त ४१, चाचणीच्या खात्याला लागलेला वेळ एक शतांश सेकंदाच्या आत.

अबोली_क

वाचून फार बरं वाटलं. त्या तीन टेबलांतली उरलेली दोन बदललीत का?

साताऱ्याचा_कंदी

हो ताई, शनिवारीच. आता पिग्मी ॲपची दर पावतीची जोडणी राहिली आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना आज हा सगळा हिशोब पाठवला आणि साध्या खात्याचा पासवर्डही दिला. या वेळी त्यांनी त्याच खात्याने लॉगिन करून बघितलं.